इब्राहिम, सर बाजूला

गाडी मागे घेण्याआधी मामू खाली उतरत. व्हॅनला वळसा घालून मागच्या दरवाजापाशी जात आणि तिथे कोणी नसताना म्हणत, "इब्राहिम, सर बाजूला." जरा थांबत. मग परत येऊन बसत, क्लच दाबत आणि रिव्हर्स टाकत. मागे सगळा रस्ता मोकळा असो की नुसती चिऱ्याची भिंत, यात कधी बदल झाला नाही.

अठ्ठ्याण्णव साली माझ्याकडे आमच्या बँकेच्या चिपळूण शाखेचे हिशेब तपासण्याचं काम आलं. दर शनिवारी आम्ही चौघे मांडवीहून मामूंच्या व्हॅनने जात असू. त्यांच्याहून वडील माणसंही त्यांना मामूच म्हणत. मी आकड्यांचा माणूस. व्हॅन लिटरला किती जाते, टायर किती महिने टिकतात, हे मला मामूंइतकंच ठाऊक होतं. त्या इब्राहिमचा हिशेब मात्र लागत नव्हता.

आमच्यातला सावंत थट्टेखोर. तो एकदा म्हणाला, "मामू, मागे कोण हाय? जिन बिन पाळलाय काय?"

"असंल तर असंल," मामू म्हणाले. "तुला काय त्याचा तिकीट काढायचा हाय?"

आम्ही हसलो. मामू हसले नाहीत.

त्यांचा डावा हात कधी स्वस्थ नसे. टपरीवर चहा पितानाही तो गुडघ्याशेजारी हवेत गिअर बदलत असायचा. निवळीचा घाट लागला की ते आम्हाला गप्प करत. "गाडी बोलतेय, ऐकू द्या." इंजिनाचा आवाज जड झाला की आमच्या लक्षात यायच्या आत गिअरचा दांडा खाली आलेला असे. उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेक, पहिला गिअर आणि शिवाय चाकाखाली चिऱ्याचा एक तुकडा. तो तुकडा एरवी त्यांच्या सीटखाली असे.

पूर्वी ते आखातात व्हॅन चालवत, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या गाड्या ऑटोमॅटिक, क्लचची कटकट नाही, मग इथे हा त्रास वाटत नाही का, असं मी विचारलं होतं.

"जी गाडी आपल्या मनानं चालते," ते म्हणाले, "तिच्या मनात काय हाय, ता आपल्याला कसा कळायचा?"

तीन-चार वर्षांनी त्यांचा डावा गुडघा सुजू लागला. घाटात क्लच दाबताना ते ओठ आवळून घेत. डॉक्टरांनी सांगितलं, हे काम सोडा, नाहीतर पाय कायमचा जाईल. पण विधवा बहीण जुबेदा आणि ते स्वतः, दोघांचं घर या व्हॅनवर चालत होतं. त्यात जुबेदाचा मुलगा सलीम आखातातून रजेवर आला. एका शनिवारी आम्ही निघायच्या तयारीत असताना तो व्हॅनच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"मामू, माझ्याबरोबर चला. मी काम करतो त्या दुकानाची व्हॅन हाय. ऑटोमॅटिक. डाव्या पायाला काय काम नाय."

"नको."

"गुडघा गेला म्हणजे काय करणार?"

"घरात बसंन."

सलीमचा आवाज खाली आला. "अब्बांचा वखत आला होता, मामू. अम्मीनं तुम्हाला कधी बोल लावला? मी लावला?"

मामूंचा डावा हात थांबला. तो स्वस्थ झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"नाय लावलात, म्हणून तर," ते म्हणाले. "तिकडं दुकानापुढं इंजिन चालू ठेवून मी उतरलो. वाटला, दांडा पार्किंगला बसला. तो बसला नव्हता. इब्राहिम मागे खोके उतरवत होता. मी पुढं दुकानात मालाचे कागद देत होतो नि गाडी गेली मागे. आवाज नाय, धक्का नाय. ही माझी गाडी चुकलो तर गचका देते, बंद पडते. शिवी घालते मला. ती गप गेली, सलीम. एकदम गप."

सावंत खिडकीबाहेर बघत राहिला.

सलीमने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. म्हणाला, "सरका तिकडे. चिपळूणपर्यंत मी नेतो." मामू सरकले. सलीमने आयुष्यभर ऑटोमॅटिकच चालवलेली. त्याने व्हॅन सुरू केली, गिअर टाकला आणि क्लचवरून पाय एकदम उचलला. व्हॅनने असा गचका दिला की आमचे डबे खाली पडले. इंजिन बंद.

"बघ," मामू म्हणाले. "बोलली." ते हसत होते की रडत होते, मला मागून दिसलं नाही.

ते आखातात गेले नाहीत. रजा संपेपर्यंत त्यांनी सलीमला गिअर शिकवला आणि मग व्हॅन चालवणं सोडलं. पुढे सलीमच्या पैशावर घर चाललं. मामू अंगणात खुर्ची टाकून बसत, डावा हात गुडघ्याशेजारी हलत असे. दोन पावसाळ्यांनंतर ते गेले. व्हॅन जुबेदाबाईंनी मला विकली. दुसरं गिऱ्हाईक जास्त देत होतं, पण त्या म्हणाल्या, "तुम्हाला तिची सवय हाय."

चिऱ्याचा तुकडा अजून सीटखाली आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी गाडी मागे घ्यायची झाली की मी उतरतो, वळसा घालतो. बायको आरशातून बघत असते. आता ती काही विचारत नाही.

"इब्राहिमभाई, सरा बाजूला," मी म्हणतो. जरा थांबतो.

"मामू, तुम्हीपण."