हत्तीला परवानगी लागत नाही

साऱ्या दिल्लीत सरकारला न घाबरणारी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, आणि तिने छत्तीस वर्षं सरकारचीच नोकरी केली आहे. मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत माझ्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या या मावशी. मी पुण्याहून बदली होऊन आले तेव्हा सामानाचे खोके अजून दारातच होते. मावशी जिना चढता चढता थांबल्या, खोक्यांमधून डोकावणाऱ्या माझ्या लेकीकडे, सईकडे, बघितलं आणि म्हणाल्या, "किती वर्षांची?" मी म्हटलं, सहा. "मग नवरात्रात खाली पाठव. भोंडला आहे." नाव, गाव, नवरा कुठे असतो, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची, भोंडल्याला येणारी आणि न येणारी, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांना अजून वेळ आहे असं त्या धरून चालत.

भोंडला म्हणजे तसं साधं प्रकरण. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि ओळखली की भोंडला संपला. पण मावशींच्या हातात पडलं की साधं काही राहत नसे. त्यांचा हत्ती खडूने काढलेला असे आणि दरवर्षी त्याची तब्येत वेगळी असे. एका वर्षी त्याला कोणी ई-रिक्षा म्हणालं, एका वर्षी सईने "आजी, हा कुकर आहे का?" असं विचारलं. मावशी शांतपणे म्हणाल्या, "सोंड दिसते ना? मग हत्ती." खिरापतीचा नियम तर त्याहून कडक होता. नाव मराठीतच सांगायचं. "नमकीन" म्हटलं की बाद, "स्वीट डिश" म्हटलं की दुप्पट बाद. दिल्लीत वाढलेल्या आमच्या पोरींना मराठी पदार्थ म्हणजे पोहे आणि वडापाव, त्यामुळे एक डबा उघडायला पाऊण तास लागे. शेजारच्या हिंदी भाषक मुलींनी तर पहिल्या वर्षी खिरापत म्हणजे खीरच समजून घरून वाट्या-चमचे आणले होते. डब्यातून निघाले उकडीचे मोदक. त्यातल्या एकीने तो उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाली, "आंटीजी, ये तो मीठा मोमो है।" मावशींनी क्षणभर विचार केला आणि तिला एक जास्तीचा मोदक दिला. "मराठीत नाही सांगितलं, पण डोकं चालवलंन," हे त्याचं कारण.

स्वतः मावशींचं नाक मात्र अचाट होतं. खाली कुणाच्या कढईत काय पडलं ते त्यांना वरच्या गॅलरीत कळे. एकदा मी नुसती कणीक भिजवत होते, तर वरून आवाज आला, "गूळ कमी पडलाय गं घारग्यांना." गूळ खरोखरच कमी पडला होता.

त्यांच्याविरुद्ध उभा होता सोसायटीचा दांडिया. नवरात्रात मधल्या मैदानात मांडव, डीजे आणि कारच्या आकाराचे दोन स्पीकर. सेक्रेटरींनी एके वर्षी येऊन अगदी अदबीने सांगितलं, "आंटीजी, ग्राउंड तो बुक है। आप भी डांडिया में आ जाइए ना, कल्चरल प्रोग्राम तो एक ही बात है।" हे "एक ही बात" मावशींना लागलं. आपल्या खास हिंदीत त्या म्हणाल्या, "एक बात कैसे होएगी? आप स्पीकर के गोल घूमो, हम हत्ती के गोल घूमेंगे। नवरात्र दोनों का है।" आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहिला. विषय: इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये एक हत्ती दररोज एक तास ठेवणेबाबत. उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, आपण माझ्या हॉलमध्ये करू या ना. कशाला उगीच वाद?"

"का? चोरून करायचं काम आहे का हे?" त्या म्हणाल्या. "आणि उत्तर आलं नाही म्हणजे हरकत नाही. छत्तीस वर्षं हेच केलंय मी. तसंही हत्तीला परवानगी लागत नाही."

मग दोन खांबांच्या मधे पाट मांडला गेला. मी लाजून तिसऱ्या खांबाआड उभी होते, हे आज कबूल करते. पलीकडे डीजे धडधडत होता आणि मावशी त्याच्या वर आवाज चढवून सासू-सुनेची गाणी म्हणत होत्या. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांना गाडी काढायची होती. त्यांनी हॉर्न वाजवला. मावशींनी फेर न थांबवता हातानेच खूण केली, "गाना आधा है। या तो रुको, या तो आ जाओ।" वकीलसाहेब गाडीतून उतरले आणि निमूटपणे दोन फेरे मारून गेले. त्यानंतर मी खांबाआडून बाहेर आले.

गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. मुलगा बंगळूरहून आला, फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं, दिवाळीनंतर त्यांना घेऊन जायचं ठरलं. मावशी कोणाशी भांडल्या नाहीत, आणि त्याचंच मला वाईट वाटलं. "भोंडला काय, होईल तसा होईल," एवढंच म्हणाल्या. भोंडल्याच्या शेवटच्या दिवशी त्यांना पाटाजवळ खुर्चीवर बसवलं. सई आता बारा वर्षांची. ती म्हणाली, "आजी, यंदा खिरापत आम्ही केलीय. तू ओळखायची."

पोरींनी माझ्या स्वयंपाकघरात वाटली डाळ केली होती. हिंगाची फोडणी अशी सणसणीत बसली होती की गेटवरचा गार्डसुद्धा दोनदा शिंकला. मला वाटलं, मावशी झाकणाला हात लावायच्या आत सांगतील. पण त्यांनी डबा कानाशी धरून हलवला, भुवया आवळल्या. "सांदण?"

पोरी ओरडल्या, "नाही."

"साटोरी? दिंडं? गुळपापडी? मग निनावं असणार." प्रत्येक नावाला पोरी विचारत, "ते काय असतं?" आणि मावशी सांगत. सांदण फणसाच्या रसातलं, पिवळंधमक. दिंडं नागपंचमीची, हळदीच्या पानावर उकडलेली. निनावं म्हणजे ज्याला नाव नाही तेच त्याचं नाव. मीठा मोमोवाली मुलगी आता मोठी झाली होती, ती मोबाइलवर नावं टिपून घेत होती. मैदानातला डीजे सुरू झाला, अंधारून आलं, तरी मावशी हरतच होत्या. शेवटी त्यांनी हात जोडून हार मानली. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरी जिंकल्या होत्या, आणि त्यांनी इतका गोंधळ घातला की सेक्रेटरी बघायला आले.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "मावशी, खरंच नाही ओळखलंत?"

"फोडणी पडली तेव्हाच ओळखलं गं," त्या म्हणाल्या. "पण ओळखलं की घरी जावं लागतं."

लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली, तरी मी उतरले नाही. त्यांच्यासोबत वर गेले.

आता तो पाट आमच्याकडे असतो. सईचा हत्ती मावशींच्या हत्तीपेक्षा बरा येतो, पण सोंड सोडली तर फार नाही. अर्ज यंदा मी लिहिला. उत्तर आलेलं नाही, म्हणजे हरकत नाही. खाली पोरी जमायला लागल्यात, ओळखायची पाळी माझी आहे आणि डब्यात सईने केलेली गुळपापडी आहे. सकाळी भाजलेल्या कणकेचा वास घरभर होता. अंधार पडेपर्यंत तरी मी ती ओळखणार नाही.