माझ्या रक्ताचा कागद

साहेबांनी गुळाचा खडा माझ्या पुढ्यात टाकला. हातात दिला नाही. वर म्हणाले, "खा. शिसं पोटात राहत नाही. जतची माणसं तुम्ही, दगडसुद्धा पचवाल."

ऑफिसातली मंडळी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते.

लोणंदजवळच्या कारखान्यात आम्ही जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवतो. पाळी सुटली की गूळ खायचा, म्हणजे पोटातली धूळ निघून जाते, असं आम्ही सगळेच मानायचो. हात न धुता खायचो, वर बोटं चाटायचो. शिसं आम्हीच गुळाला लावून गिळत होतो. हे मला तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रक्त घेताना त्या हळूच म्हणाल्या, "गुळानं काही होत नाही. हात धुवा. चांगला मास्क मागा. आणि रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे."

रिपोर्ट आला आणि थेट साहेबांच्या कपाटात गेला. इकडे माझ्या पोटाला पीळ पडायचा. मनगटात जीव राहिला नव्हता, हातातला पेला सुटायचा. ते बघून खोलीतले सोबती ताट घेऊन लांब बसायला लागले. जणू मला महारोगच झालाय. बायको फोनवर म्हणायची, "पोरीला घिऊन येऊ का?"

"नगं. हितं पाण्याचं हाल हायत."

दुष्काळी जतच्या बाईला पाण्याचं कारण! कपड्यातली धूळ लेकीच्या अंगाला लागेल, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? फोन ठेवला की फार एकटं वाटायचं.

एका सकाळी सुपरवायझरनं बंद भट्टीत उतरून राख खरवडायला सांगितलं. तोंडाला बांधायला फडकं दिलं आणि 'मास्क मिळाला' अशी सही करायला वही पुढं केली.

मी पेन खाली ठेवला. "मास्क कुठं हाय? आन् माझ्या रगताचा कागद आदी द्या."

साहेब केबिनमधून आले. "इंग्रजी वाचता येतं का तुला?"

"न्हाई येत. कुणाकडनं तरी वाचून घीन. रगात माझं हाय."

"मग गेट उघडं आहे."

मागं वळून पाहिलं. माझ्याबरोबर गूळ खाणारे सगळे खाली मान घालून उभे होते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. पण जळत तर सगळ्यांचंच होतं. मला राग आला. अजून आहे.

मी गेटाबाहेर गेलो नाही. काढायचंच असेल तर कारण लिहून द्या म्हणालो. ते लिहून देत नाहीत. मी रोज कामावर येतो. भट्टीत उतरत नाही, खोट्या वहीवर सही करत नाही. कारखाने तपासणाऱ्या सरकारी ऑफिसात अर्ज दिलाय, एकट्याच्याच सहीचा. कुणी सोबत आलं तर येईल. नाही आलं तरी कागद हातात पडेपर्यंत मी इथून हलणार नाही.