सागर बेटापर्यंत न उघडायचा डबा

ती घटना आजही आठवते, आणि ती नारळाच्या लाडवांमुळे आठवते हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पोलिसाच्या आठवणींत पिस्तुले आणि पाठलाग असावेत, अशी वाचकांची अपेक्षा असते. माझ्या वाट्याला खिदिरपूरच्या गोदीलगतचे ठाणे आले होते. तिथे ट्रकांच्या रांगेत चोरही पायी चालत आणि आम्हीही.

माझे आजोबा नोकरीसाठी कोलकात्यात आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरात मराठी, ठाण्यात बंगाली आणि वरिष्ठांपुढे शक्यतो मौन, अशी माझी भाषांची वाटणी होती. ठाणे अंमलदाराला इथे ‘बडोबाबू’ म्हणतात. तेव्हा तो मी होतो.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. “सिंगापूरला जाणारं जहाज आज दुपारच्या भरतीला सुटतंय. त्यावरच्या खलाशाच्या बॅगेत गांजा आहे. लाडवांच्या डब्यात, तळाशी.” माणसाने खलाशाचे नाव सांगितले आणि फोन ठेवला. बक्षिसाचे विचारले नाही. फुकट खबर देणाऱ्याचे कायद्यावर प्रेम नसते, कुणावर तरी दात असतो. मी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि गोदीच्या फाटकावर उभा राहिलो.

खलाशी आला. तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट, चाकांची बॅग. बॅगेत फडक्यात गुंडाळलेला डबा होता, वरून सुतळी. मी सुतळीचे टोक ओढले मात्र, गाठ एका झटक्यात सुटली. वर लाडू, तळाशी गांजाची पुडी.

“बडोबाबू, हा डबा मी उघडलेलाच नाही,” तो म्हणाला. “आमच्या घरची रीत आहे. नदी संपून सागर बेट मागे पडलं की मगच डबा उघडायचा. आई स्वतः बांधून देते.”

जहाज कंपनीच्या एजंटाचा माणूस शेजारीच घुटमळत होता. “सर, गोदीचे दरवाजे भरतीलाच उघडतात. जहाज याच्यासाठी थांबणार नाही. बदली माणूस तयार आहे.”

जहाज चुकले आणि वर अमली पदार्थांचा गुन्हा लागला, तर कुठलीही कंपनी त्याला पुन्हा डेकवर उभा करणार नव्हती. हे त्यालाही कळत होते. तो सारखा नदीकडे बघत होता.

साहेबांना फोनवर कळवले. त्यांच्या खोलीत भला मोठा नकाशा होता. त्यावर कोलंबो, सिंगापूर, चितगाव अशा तांबड्या रेषा ओढलेल्या. “ही आंतरराष्ट्रीय टोळी आहे,” ते म्हणाले. “कस्टमवाल्यांचे फोटो सारखे छापून येतात. आपण काय, हरवलेल्या छत्र्या शोधायच्या?”

“साहेब, सिंगापुरात याला काय शिक्षा आहे हे खलाशांना तोंडपाठ असतं. पुडीभर गांजासाठी कोण तिकडे मरायला जाईल?”

“तुम्ही फार वाचता,” साहेब म्हणाले. हे कौतुक नव्हते.

ठाण्यात आणून मी त्याला चहा दिला आणि विचारले, “घरापासून इथपर्यंत डबा आला कसा?”

“दादाच्या लाँचमधून. दादा पलीकडच्या घाटावरून फेरी चालवतो, लाँचचा सारंग आहे. बॅग नेहमी त्याच्या केबिनमध्ये ठेवतो.”

“आणि तू?”

“मी बाहेर उभा असतो. बायको मुलीला घेऊन घाटावर येते ना. दिसेपर्यंत बघत राहतो.”

“तुझ्या आईची गाठ कशी सुटते?”

तो प्रथमच हसला. “दातांनी. नाहीतर सुरीने.”

मला ती एका झटक्यात सुटलेली गाठ खटकत होती. मी स्वतः रोज फेरीने नदी ओलांडून ड्यूटीवर येत असे. लाँच धक्क्याला जेमतेम टेकते, माणसे चढतात-उतरतात की निघते. म्हणून फेरीवाले दोर असा अडकवतात की एक टोक ओढले की मोकळा. मोठ्या जहाजावर अशी गाठ कुणी मारू धजणार नाही. आणि धाकट्याने लाँचवर कधीच काम केले नव्हते.

मी थोरल्याला बोलावून घेतले. ठाण्यात आलेला नातेवाईक आधी ‘काय झालं?’ विचारतो. याने भावाला बाकावर पाहिले आणि विचारले, “जहाज गेलं?”

मी माझा जेवणाचा डबा, एक फडके आणि सुतळी त्याच्यापुढे ठेवली. “सारंगबाबू, एवढं बांधून द्या.” जन्म दोरांत गेलेला माणूस. विचार करण्याआधीच हात चालले. मी टोक ओढले. गाठ सुटली.

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग बोलायला लागला तो माझ्याशी नव्हे, भावाशी.

“तुझं जहाज आलं की मला भर नदीत लाँच थांबवावी लागते. तू वरून हात करतोस. पॅसेंजर म्हणतात, सारंगबाबू, भाऊ जग फिरतो हो तुमचा! आणि मी? जन्मभर नदी ओलांडतोय, पोचलो कुठेच नाही. आई लाडू करते ते तुझ्यासाठी. मला कधी डबा बांधून दिला तिने?”

“तुला कशाला बांधेल? तू तिच्यापुढे बसून ताटात खातोस!” धाकटा उसळला. “मी हात तुला करत नव्हतो, घाटाला करत होतो. माझी मुलगी पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाली ती तुला. मी मोबाइलवर बघत होतो, दादा. तेव्हा मी कुठल्या ठाण्यात फोन करायचा होता?”

 फोन थोरल्यानेच केला का, हे त्यानंतर विचारावे लागले नाही, तरी विचारले. जबाबात लागते.

धाकट्याचा जबाब घेऊन त्याला जीपने धक्क्यावर पाठवले. दाराशी तो थबकला. “बडोबाबू, लाडू?”

“मुद्देमाल आहे. देता येत नाहीत.”

तो तसाच गेला. जहाज त्याला मिळाले. थोरल्यावर गुन्हा दाखल झाला, जामीनही मिळाला. फेरीची नोकरी मात्र गेली. साहेबांनी तयार केलेले प्रसिद्धिपत्रक खणातच राहिले. टोळीचा मार्ग एका घाटापासून समोरच्या घाटापर्यंत निघाला, हे त्यांनी मला बरेच दिवस माफ केले नाही.

या प्रकरणाने मला एवढे शिकवले की हेवा लांबचा प्रवास करत नाही. त्या जहाजाच्या कप्तानाचा, मालकाचा हेवा थोरल्याच्या मनातही आला नाही. हेवा वाटतो तो आपल्याच ताटाशेजारच्या ताटाचा. आणि हेवेखोराला हवे ते बहुधा मिळतेही. समोरचा खरोखरच वाटेतून निघून जातो. पुढच्या रजेत धाकट्याने बायको-मुलीला खिदिरपूरला भाड्याच्या घरात हलवले. थोरल्याला आई पुरती मिळाली.

निवृत्तीनंतर एकदा थोरला घाटावर भेटला. आता चहा विकतो. माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. बराच वेळ भांडे विसळत राहिला, मग खालच्या मानेने म्हणाला, “बडोबाबू, भावाची पोर आता मला जेठू म्हणत असेल, नाही?” जेठू म्हणजे मोठे काका.

मी म्हणालो, “म्हणत असेल.” ती त्याचे नावच काढत नाही, हे धाकट्याने मला सांगितले होते. पण तो जबाब नोंदवायला मी आता ड्यूटीवर नव्हतो.