खिसेबाईचा चाकू

रोपवाटिकेत तिला सगळे खिसेबाई म्हणत. तिच्या अंगावर कायम जो खाकी डगला असायचा, त्याला तिने स्वतःच जागोजागी खिसे शिवले होते. एकात सुतळीची गुंडी, एकात रोपांना अडकवायच्या चिठ्ठ्या, एकात पेन्सिल आणि खोकल्याच्या गोळ्या, आणि उजव्या कुशीवरच्या खिशात घडीचा चाकू. कुणाला काही कापायचं, सोलायचं, खरवडायचं असलं की दोन वाफ्यांपलीकडून हाक यायची, "खिसेबाई, चाकू!" आणि ही हातातलं काम टाकून चाकू घेऊन हजर.

तसा तो चाकू काही देखणा नव्हता. लाकडी मूठ घासून घासून गुळगुळीत झालेली, पातं धार लावून लावून बारीक झालेलं. उघडायला भलता घट्ट. पण सवयीचा होता. एक दिवस ती खताच्या ढिगावर फाटकी पोती उसवत होती, मालकांनी हाक मारली म्हणून चाकू पोत्यावर ठेवून गेली, आणि परत येऊन बघते तर कुणीतरी ढीग वरखाली करून टाकलेला. सगळ्यांनी मिळून दाताळ्यांनी ढीग उपसला. गांडुळं सापडली, कुणाचा तरी एक हातमोजा सापडला, चाकू काही सापडला नाही.

"आता सापडला तर खत होऊनच सापडेल," थोरले माळी म्हणाले. रोपवाटिकेत सगळ्यांत जुने तेच. हसले की त्यांच्या मिशा आधी हलत.

संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अवजार म्हटलं की त्याचे कान टवकारायचे. दुसऱ्याच दिवशी तो दुकान लवकर बंद करून आला आणि तिच्यापुढे एक पुडकं ठेवलं.

"उघड."

आत लालभडक मुठीचा एक जाडजूड चाकू होता. चाकू कसला, आख्खा कारखानाच. मोठं पातं, छोटं पातं, कात्री, करवत, कानस, बाटलीचं झाकण काढायचा आकडा, पेचकस, दात कोरायची काडी. नवरा एकेक वस्तू उघडून दाखवायला लागला आणि त्याचा चेहरा असा उजळला की चाकू नक्की कुणासाठी आणलाय असा प्रश्न पडावा.

"आणि हे काय?" एका वाकड्या दाभणाकडे बोट दाखवत तिने विचारलं.

"ते... लागतं कधीतरी," तो म्हणाला. त्यालाही माहीत नव्हतं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची आई बसली होती. गेली काही वर्षं ती लेकीकडेच राहत होती. ती चष्मा वर करून म्हणाली, "याला चाकं लावली की घरी यायला गाडी होईल हो जावईबापू."

तिघंही हसले. खिसेबाईने चाकू खिशात टाकला, आणि खिसा त्या बाजूला असा ओढला गेला की डगल्याचं एक टोक गुडघ्यापाशी आलं.

नवऱ्याने इतक्या हौसेने आणलेली वस्तू, नको कशी म्हणणार? तिने तो चाकू वापरायला घेतला. पण तो कुठे धड वळेना. मूठ इतकी रुंद की तळहातात मावेना, आणि दाबून धरली की त्या कात्रीची कड नेमकी बोटाच्या पेरात रुतायची. पातं उघडायची नखाची खाच एकाच अंगाला. हिला चाकू आधी या हातातून त्या हातात घ्यावा लागे, मग नखाने पातं ओढावं लागे, मग परत हात बदलावा लागे. तेवढ्यात हाक मारणारा माणूस दाताने सुतळी तोडून मोकळा झालेला असे. घाईत एकदा पात्याऐवजी दात कोरायची काडीच बाहेर आली. थोरले माळी म्हणाले, "असू दे, जेवण झालंच आहे माझं."

आणि मग जे व्हायचं ते झालं. खताच्या नव्या पोत्याचं तोंड उघडताना तिने चाकू उलटा रेटला, पात्याला काही खटका नव्हता, ते सरळ मिटलं ते तिच्या बोटावर. फार खोल नाही, पण रक्त बरंच गेलं. थोरल्या माळ्यांनी नळाखाली हात धरून फडकं बांधलं आणि तिला घरी पाठवलं.

घरी ती बोट पाठीमागे लपवून आत शिरली. पण नवऱ्याचं लक्ष पहिलं तिथेच गेलं.

"माझ्या चाकूने झालं?"

"नाही रे, पोत्याची तार लागली."

"तारेने असं सरळ कापत नाही," तो म्हणाला. तिचं बोट त्याने उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाला, "मी मला आवडेल असा आणला. तुला विचारलंच नाही. ऊठ, पायात चपला घाल."

बाजारातल्या गल्लीच्या टोकाला हत्यारांचं दुकान होतं. करवती, पटाशा, कुलुपं, भिंतीवर टांगलेले दोर, आणि काउंटरच्या काचेखाली ओळीने मांडलेले घडीचे चाकू. दुकान चालवणारी बाई दणकट होती, केसांचा आखूड बॉब, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. नवऱ्याने आत पाऊल टाकलं आणि त्याची नजर थेट सगळ्यांत मोठ्या चाकूवर गेली.

"तो दाखवा बरं."

"तुम्हाला हवाय की यांना?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"हिला."

"मग तुम्ही त्या स्टुलावर बसा."

नवरा बसला. दुकानवालीने खिसेबाईला काय काय काम असतं ते विचारून घेतलं. सुतळी कापायची, पोती उघडायची, रोपाभोवतीची प्लॅस्टिकची पिशवी चिरायची, वाळक्या फांद्या छाटायच्या, दुपारी पेरू कापायचा. मग तिने काउंटरखालून सुतळीचा गुंडा काढला आणि काही न सांगता तिच्या अंगावर फेकला. "धरा!"

खिसेबाईने झेलला.

"डाव्या हाताने झेललात," दुकानवाली म्हणाली.

खिसेबाईने हाताकडे पाहिलं. झेलला होता खरा.

"पण मी लिहिते उजव्याने. जेवतेही उजव्याने. चाकूही उजव्याच हाताने धरते."

"धरता, की धरायला लावलंय कुणी?"

ती एकदम ओशाळली. लहानपणी पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की आई हळूच पेन्सिल काढून घ्यायची आणि उजव्या मुठीत ठेवायची. रागावायची नाही, मारायची नाही. पण दर वेळी. शेवटी तो हात शहाण्यासारखा मागे राहायला शिकला.

"झाडू मारते डाव्याने," स्टुलावरून नवरा बोलला. "आणि मला धपाटा घालायचा झाला तर तोही डावाच असतो. एवढ्या वर्षांत माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"धपाटा खाताना कोण हात बघतं," दुकानवाली म्हणाली.

मग तिने एकेक चाकू काढून समोर ठेवला. पहिला दिसायला फार सुरेख होता, पातळसा, चकचकीत. "डोळे मिटा आणि मूठ आवळा," दुकानवाली म्हणाली. खिसेबाईने डोळे मिटले. लोखंडाच्या कडा तळहातात रुतल्या. "हा खिशात छान राहतो, हातात नाही," दुकानवाली म्हणाली आणि तो बाजूला केला. दुसऱ्याची मूठ भरीव होती, पण पातं मिटवायचा खटका अशा जागी की उजवा अंगठाच तिथे पोचावा. तिसरा हलका होता, इतका हलका की खिशात आहे की पडला हे कळू नये. जिचा आधीचा चाकू खतात गेला, तिला असला चाकू नको वाटला. नवऱ्याने मधेच एका करवतवाल्या चाकूकडे हात केला, दुकानवालीने चष्म्यावरून पाहिलं, हात मागे गेला.

मग काचेच्या अगदी कोपऱ्यातला एक निघाला. तपकिरी लाकडाची मूठ, मधे किंचित पोट असलेली, टोकाकडे निमुळती. पात्याच्या दोन्ही अंगांना अंगठ्याने ढकलायला एकेक बोंड. खटका मुठीच्या पाठीवर, मधोमध.

"आता डाव्या हातात घ्या. उजवा खिशात घाला, मधे यायला नको."

खिसेबाईने चाकू डाव्या हातात घेतला. अंगठा आपसूक बोंडावर गेला. तिने ढकललं, पातं उघडून खट्कन खटक्यात अडकलं. हात बदलला नाही, नखं मोडली नाहीत, काही नाही. दुकानवालीने दोराचा तुकडा पुढे केला. ओढल्याबरोबर दोराचे दोन तुकडे. मग जाड पुठ्ठा. तो वळणावळणाने असा कापला गेला की तिला स्वतःलाच हसू फुटलं. तिने आणखी एक पुठ्ठा मागून घेतला. मग आणखी एक.

"अहो, माझी सगळी खोकी संपवाल," दुकानवाली म्हणाली. "मुठीचं लाकूड अधूनमधून तेलाने पुसा. आणि पहिले काही दिवस जपून. हात शिकाऊ आहे, चाकू नाही."

घरी जाताना खिसेबाईने डगल्याचा डावा खिसा चाचपला. नवऱ्याने लाल चाकू परत मागून घेतला. तो त्याच्या दुकानात गेला आणि तिथे चांगला रुळला. त्या वाकड्या दाभणाने ट्यूबच्या झडपेतली घाण फार छान निघते असा शोध त्याला लागला, आणि आठवडाभर त्याने तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितला.

हत्यारांच्या दुकानातून आले त्याच रात्री जेवणानंतर आईसाठी सफरचंद कापायला म्हणून तिने नवा चाकू काढला, तशी आई म्हणाली, "बघू गं."

तिने चाकू आईच्या हातात दिला. आईने तो उलटसुलट करून पाहिला, मग डाव्या हातात धरला, अंगठ्याने पातं उघडलं आणि सफरचंद सोलायला लागली. साल तुटली नाही. लांबच लांब वळत मांडीवर उतरत राहिली. लेक आणि जावई दोघंही बघतच राहिले.

"आई, तू डावखुरी आहेस?"

"होते," आई म्हणाली. "माझ्या आजीने ते सोडवलं. मग मी तुझं सोडवलं. तसंच करायचं असतं असं वाटायचं गं तेव्हा." तिने सफरचंदाची फोड करून लेकीच्या हातावर ठेवली, आणि लगेच दुसरी करायला घेतली. "अजून येतंय की मला!" ती म्हणाली, आणि त्या खुशीत तिने सफरचंद सगळं दुसऱ्यांनाच वाटून टाकलं.

इकडे रोपवाटिकेत खिसेबाईच्या मनात एक वेगळीच गोष्ट घोळायला लागली होती. कामाला लागली तेव्हा थोरल्या माळ्यांनी तिला गुलाबाला डोळा भरायला शिकवायचा प्रयत्न केला होता. जंगली गुलाबाच्या खुंटाच्या सालीला छेद द्यायचा, चांगल्या गुलाबाचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, त्या छेदात सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. हिच्या हातचा डोळा एक तर फाटायचा, नाहीतर महिन्याभरात काळा पडायचा. तिथली कलमाची सुरी एकाच अंगाने घासलेली, ती डाव्या हाताला साथ देत नाही, आणि हिला उजव्या हाताची साथ नव्हती. "तुझा हात कलमाला नाही गं," थोरले माळी कळवळून म्हणाले होते, आणि तिला पाणी घालायच्या, पिशव्या भरायच्या कामाला लावलं होतं. तिनेही ते मान्य केलं होतं.

आता ती जेवणाच्या सुट्टीत कुंपणाकडच्या टाकाऊ खुंटांपाशी जाऊन बसायला लागली. कुणाला सांगितलं नाही. पहिले काही छेद वाकडे गेले. मग हात सरळ झाला. साल लोण्यासारखी सुटायला लागली. तिने डोळे भरले, पट्ट्या बांधल्या, आणि रोज येता जाता नुसतं लांबून बघायची, हात लावायची नाही.

पट्ट्या सोडायची वेळ आली तेव्हा ती डबा न उघडताच कुंपणाकडे गेली. पहिली पट्टी सोडली. डोळा हिरवा. दुसरी सोडली. हिरवा. तिसरा मेला होता. पुढचा हिरवा, तांबूस कोंब डोकं वर काढत असलेला. ती उकिडवी बसून एकटीच हसत होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे कुणी भरले?"

थोरले माळी होते. तिने नुसता डावा हात वर केला.

ते खाली बसले. एकेक डोळा त्यांनी नखाने हलकेच खरवडून पाहिला. मग त्यांच्या मिशा हलल्या. "मी तुला वाईट शिकवलं की काय गं?"

"तुम्ही बरोबर शिकवलं. मीच उलटी होते."

"मग आता उलटं शिकवतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गुलाबाच्या कामाच्या मेजावर बोलावलं. आधी शेजारी बसवलं, पण दोघांची कोपरं सारखी एकमेकांना लागायला लागली. मग त्यांनी तिचं स्टूल उचलून समोर ठेवलं. "माझ्याकडे आरशात बघितल्यासारखं बघ," ते म्हणाले. ते उजव्या हाताने छेद देत, ती डाव्या हाताने. मधल्या टोपलीत ओल्या फडक्याखाली गुलाबाच्या काड्या होत्या. दुपारपर्यंत दोघांत फारसं बोलणं झालं नाही. फक्त एकदा लांबच्या वाफ्यातून "खिसेबाई, चाकू!" अशी हाक आली, आणि थोरले माळी मान वर न करता ओरडले, "कामात आहे ती! दाताने तोडा!"