गाडीची प्रकृती

आमच्या घरमालकांनी ज्याला ‘झोप कशी लागते?’ असं विचारलेलं नाही, असा माणूस नागपूरच्या अख्ख्या प्रताप नगरात सापडायचा नाही. ते होमिओपॅथीचे डॉक्टर. दवाखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण विचारपूस काही बंद झाली नाही; माणसं मिळेनाशी झाली तेव्हा ते वस्तूंकडे वळले. आमचा फ्रिज गुरगुरायला लागला तेव्हा तो जेवणाआधी जास्त गुरगुरतो की जेवणानंतर, हे त्यांनी माझ्या बायकोला गंभीरपणे विचारलं होतं. तिनेही विचार करून ‘जेवणानंतर’ असं सांगितलं. उरलेलं अन्न आम्ही गरमच आत ढकलतो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं.

पण त्यांचा खरा जीव मोटारींवर, त्यातही मिसफायर होणाऱ्या मोटारींवर. इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडली नाही की गाडी उचकी लागल्यासारखी थरथरते आणि समोर पिवळा दिवा लागतो. असा दिवा लागलेली गाडी दिसली की डॉक्टरांचा चेहरा उजळे. स्टिअरिंगखाली लावायचा एक छोटा स्कॅनर ते खिशात बाळगत आणि त्याला ‘नाडी’ म्हणत. तो लावला की कोणता सिलिंडर बिघडला, त्याचा कोड मोबाइलवर उमटे. पण तेवढ्यावर त्यांचा विश्वास नसे. “कोड सांगते कुठं दुखते ते. काहून दुखते, ते गाडीलेच विचारा लागते,” असं म्हणून ते विचारायला बसत. सकाळी जास्त की दुपारी? एसी लावल्यावर वाढते की चढावर? दुसरं व्रत म्हणजे एका वेळी एकच औषध. धरमपेठेतल्या एका प्राध्यापकांच्या गाडीत गॅरेजवाला प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळंच एकदम बदलायला निघाला होता, तर डॉक्टर कळवळले. “अहो, बरी झाली तरी कशानं झाली हे कळणार कसं?” मग त्यांनी बिघडलेल्या दुसऱ्या सिलिंडरची, प्लगला वीज पुरवणारी कॉइल काढून तिसऱ्याला लावली आणि इंजिन सुरू केलं. बिघाडही दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. म्हणजे दोष कॉइलचाच. “दुखणं सरकलं!” असं ओरडून त्यांनी प्राध्यापकांचा हात हातात घेतला. गाडी तशीच थरथरत होती, त्यामुळे प्राध्यापकांना अभिनंदन कशाचं ते समजेना.

माझी गाडी आजारी पडली ती मात्र साधी गोष्ट नव्हती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी आणि पहिली चारचाकीही माझीच; पण दोन्हींचा अभिमान बाबांना जास्त. कन्हानच्या पुढे आमचं गाव आहे. बाबा नागपूरला आले की परत जाताना मी त्यांना गाडीने सोडायचो, आणि नेमकी तेव्हाच ती थरथरायला लागायची. एरवी काही नाही. गॅरेजात नेईपर्यंत ती खणखणीत व्हायची आणि मीच खोटा पडायचो. एकदा तर कन्हान नदीच्या पुलावर बंद पडली. मागच्या ट्रकवाल्याने जे शब्द वापरले, ते बाबांनी मान खाली घालून ऐकले. पुढच्या खेपेला गाडी फाटकातच उचक्या देऊ लागली, तशी बाबांनी पिशवी उचलली.

“मी बसनं जातो गा. मी आलो का हे बिमार पडते. माहा पायगुणच बरा नाही तिले. आता काही येत नाही मी.”

मी कितीतरी समजावलं. ते ऐकेनात. तेवढ्यात डॉक्टर बनियनवरच बाहेर आले. नाडी लावली, बोनेट उघडलं आणि इंजिन बंद करून एक कॉइल उपसत त्यांनी बाबांना विचारलं, “भाऊ, तुम्हाले झोप कशी लागते?”

“तुमच्या नागपुरात कुठं लागते? अंधाराचाच उठून बसतो.”

“मग करता काय?”

“करतो काय! पोराची गाडी धुतो.”

डॉक्टरांचा हात थांबला. मी वाकून पाहिलं. जिथे प्लग बसतो त्या खोल भोकात पाणी साचलं होतं आणि त्यावर काथ्याचा एक धागा तरंगत होता. आमच्याकडे बैल काथ्यानेच घासतात. मी तोंड उघडणार, तोच डॉक्टरांनी धागा चिमटीत धरून खिशात टाकला आणि माझ्यावरच डाफरले, “या गाडीची प्रकृती नाजूक आहे. अंगावरून पाणी चालते, डोक्यात गेलं का सर्दी. गाडी तुझी, मग हे पथ्य घरच्यांले सांगायचं कोणी?”

बाबांनी बोनेटच्या आत डोकावून पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, “म्हणजे बोनेटच्या आत कोरडा फडका?”

“बस, तेवढंच पथ्य.”

“मंग सांगत नाही काहून गा तू?” बाबा माझ्यावर उखडले. “एवढा शिकेल माणूस!”

ती बोलणी मी आनंदाने खाल्ली. डॉक्टरांनी पाणी टिपलं, प्लग वाळवला, कॉइल बसवली. इंजिन एका लयीत चालू लागलं आणि बाबा पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसले. नंतर मी आभार मानायला गेलो तर डॉक्टर म्हणाले, “धुणाऱ्याचं नाव कोडमध्ये येत नसते.”

पुढच्या वेळी बाबा आले तेव्हा त्यांचं लक्ष पोर्चमधल्या झाकलेल्या गाडीकडे गेलं. डॉक्टरांच्या मुलाने परदेशी जाण्याआधी घेऊन दिलेली. गुडघ्यांमुळे डॉक्टर आता चालवत नाहीत. अधूनमधून नुसतं इंजिन सुरू करून ऐकतात. सकाळी मी खाली आलो तर आच्छादन बाजूला होतं, बाबा बादली घेऊन चाकं घासत होते आणि डॉक्टर खुर्चीत बसून काही न विचारता पाहत होते. बोनेट उघडल्यावर बाबांनी बादली दूर सारली आणि कोरडा फडका घेतला.

“राहू द्या भाऊ,” डॉक्टर म्हणाले, “गेलं थोडं पाणी तरी चालते. मले कुठं जायचं आहे?”

बाबांनी फडका थांबवला नाही. “जायचं नाही कसं? पोळ्याले आमच्याकडे यायचं हाय ना. का बिमार गाडीनं येता?”

डॉक्टरांनी चष्मा काढून बनियनला पुसला. मग त्यांनी बाबांना रस्ता विचारला, कन्हानच्या पुलानंतर डावीकडे वळायचं की उजवीकडे.