बोलणं बघणारे जिभाऊ

जिभाऊ माणसाचं बोलणं ऐकत नसत, बघत असत. समोरच्याच्या तोंडावर नजर लावून, मान जराशी पुढे काढून उभे राहायचे आणि ओठ हलायचे थांबायच्या आत उत्तर देऊन मोकळे व्हायचे. नवख्या माणसाला वाटे, याला घाई आहे किंवा हा आगाऊ आहे. खरं कारण असं की विशीच्या आतच ते पॉवरलूमवर उभे राहिले आणि त्यांचे कान हळूहळू कामातून गेले. सुरतेत लूम्सच्या शेडला खातं म्हणतात. चालू खात्यात शेजारच्या माणसाचा आवाजही पोचत नाही. तिथे सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात आणि उरलेलं हातवाऱ्यांवर भागवतात. जिभाऊ घरी आल्यावरही तसेच ऐकायचे, एवढंच.

मला हे फार सोयीचं होतं. मी हळू बोलते. शाळेत टीचर सारख्या ‘लाउडर’ म्हणायच्या आणि घरी बाबा म्हणायचे, "पुटपुटू नकोस." दुकानात मला एकच वस्तू पुन्हापुन्हा मागावी लागते, शेवटी मी बोट दाखवते. जिभाऊंनी मला कधीच "काय?" असं विचारलं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये माझं बोलणं पहिल्या झटक्यात कळणारा माणूस बहिरा होता.

सुरतेच्या बमरोली भागातल्या त्या बिल्डिंगमध्ये आमची आणि त्यांची गॅलरी समोरासमोर होती, मध्ये चौकाची अरुंद पोकळी. खानदेशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात, पण इथे लहान पोरांपासून सोसायटीच्या गुजराती सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना जिभाऊच म्हणायचे. सकाळी मी टॉवेल वाळत घालायला गॅलरीत आले की ते समोरून भुवई उडवत. "चालू?" खात्यातला मास्तर लांबून कारीगराला असंच विचारतो, मशीन चालू आहे ना, म्हणून. मी ओठांनीच म्हणायची, "चालू." मग ते डबा घेऊन निघत. आमचं रोजचं बोलणं इतकंच असायचं आणि मला ते पुरायचं.

त्यांचे पाय कधी एका जागी थांबत नसत. लूमवाला पाळीभर दोन रांगांमधून ये-जा करतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही ते गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे, चहा पितानासुद्धा. काकू, म्हणजे त्यांची बायको, भाजी निवडता निवडता वैतागायची. भांडण व्हायला लागलं की जिभाऊ फक्त तोंड फिरवायचे. तोंड फिरलं की त्यांच्यापुरतं भांडण संपलं. मग काकू परात बाजूला ठेवून उठायची, त्यांना वळसा घालून समोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आठे देखा, मी बोली ऱ्हायनी," म्हणजे इकडे बघा, मी बोलतेय. ते पुन्हा वळायचे. ती पुन्हा वळसा घालायची. शेवटी दोघंही हसायची. हा खेळ आम्ही समोरून पाहायचो. आई म्हणायची, "लोक पापण्यांनी डोळे मिटतात, हा माणूस मानेने कान मिटतो."

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांच्या सेठने जुने लूम्स भंगारात काढले आणि शहराबाहेर कडोदऱ्याला नवी मशीनं टाकली. तिथे एकेका कारीगराकडे मशिनांची लांबच लांब रांग द्यायची होती, आणि सेठला पोरं हवी होती, तीही मशीनच्या पडद्यावरचं वाचू शकणारी. जिभाऊ सचिन गावच्या कारखान्यांत जाऊन आले, पांडेसऱ्यातल्या खात्यांत विचारून आले. सगळीकडे कुठला ना कुठला गाववाला भेटला, चहा पाजला, "बघतो" म्हणाला. मग हळूहळू ते रिक्षा सोडून पायी जायला लागले. आमच्याकडे आले की चहा नको म्हणायचे, "आत्ताच झाला." काकूने साड्यांना लेस लावायचं काम घरी आणलं. साड्यांचे ढीग गॅलरीपर्यंत आले आणि जिभाऊंच्या चालायच्या वाटेत पडले. ते ढिगांना वळसा घालून चालायचे. जाता जाता एखादा पदर अंगठ्याने चोळून बघायचे, आणि काकू "हात मळके आहेत" म्हणाली की सोडून द्यायचे.

दोघांचं ठरलं होतं ते असं: दिवाळीपर्यंत काम मिळालं तर राहायचं, नाही तर खोली सोडून शिरपूरकडे गावाला जायचं. काकूला जायचं नव्हतं. जिभाऊंना तर मुळीच नव्हतं. गावाला त्यांचे दोन भाऊ होते आणि एकाला पुरेल एवढं शेत.

त्याच दिवसांत मी गॅलरीत परीक्षेचा अभ्यास करत होते. पुस्तक इंग्रजी, माझं पाठांतर ओठातल्या ओठात. समोर चालता चालता जिभाऊ थबकले.

"पोरी, ओठ दिसतात, पण शब्द येत नाहीत. ही कोणती भाषा?"

"इंग्लिश, जिभाऊ."

"तरीच. तुम्ही लोक ओठ उघडतच नाही. धडा कशाचा?"

मी मराठीत सांगितलं, "बेरोजगारीचे प्रकार."

ते कठड्याला टेकले. त्यांना असं टेकून उभं राहिलेलं मी फारसं पाहिलं नव्हतं. "तिचे बी प्रकार ऱ्हातात? सांग."

मी सांगू लागले. हंगामी म्हणजे काय ते त्यांना लगेच पटलं. मग मी म्हणाले, एका माणसाला पुरेल एवढ्या शेतावर तीन माणसं राबतात, दोघं उठून गेली तरी पीक तेवढंच येतं, तिला प्रच्छन्न म्हणतात, म्हणजे लपलेली.

"लपलेली कशाची? आमच्या गावाला बांधावर उभी ऱ्हाते, रस्त्यावरून दिसते." मग हसू आवरून म्हणाले, "बरं, आपला प्रकार कोणता?"

खोटं काही सुचलं नाही. "संरचनात्मक," मी म्हणाले. "म्हणजे कामाची पद्धतच बदलते, आणि मग जुन्या माणसाचं कौशल्य..." पुढच्या शब्दाचा आवाज मी गिळला. पण ओठांनी तो आधीच पुरा केला होता.

"निरुपयोगी," जिभाऊ म्हणाले. "गिळू नको, मला दिसला." आणि ते पुन्हा चालायला लागले. चालता चालता मोठ्याने काकूला म्हणाले, "अवं, आपलं नाव पुस्तकात आलं." काकूने सुई थांबवली नाही.

दिवाळीच्या तोंडावर एका नव्या टॉवरमध्ये वॉचमनची जागा निघाली. काकूने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं, "इंग्रजीत काही विचारलं तर सोबत कुणीतरी हवं, तू जा." परक्या माणसांशी बोलणं मी होता होईल तो टाळते, पण जिभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात येरझारा घालत होते. मी चप्पल घातली.

तिथल्या सुपरवायझरने समोर बसवून हिंदीत विचारपूस केली. जिभाऊंची नजर त्याच्या मिशीखाली. गाव कुठलं, दारू पिता का, उभं राहवेल का. शेवटच्या प्रश्नावर जिभाऊ म्हणाले, "साहब, बैठना नहीं आता." सुपरवायझर खूश झाला. मलाही हायसं वाटलं. मनातल्या मनात मी काकूचा चेहरासुद्धा पाहून घेतला.

मग तो म्हणाला, "गेट पर चलिए, इंटरकॉम दिखाता हूँ." त्याने जिभाऊंना केबिनमध्ये रिसीव्हर कसा धरायचा ते दाखवलं आणि स्वतः लॉबीत जाऊन फोन लावला. घंटी मी ऐकली, खूण केली, जिभाऊंनी रिसीव्हर उचलला. माझ्यापर्यंत आवाज येत होता: "गेट पर कौन आया है?"

मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. तोच प्रश्न मी ओठांनी स्पष्ट म्हटला, पुन्हा म्हटला. पण जिभाऊंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. साहेब बोलत असताना दुसरीकडे बघणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी रिसीव्हर कानापासून काढून तोंडासमोर धरला आणि त्याच्या छिद्रांकडे टक लावून पाहत राहिले. काही दिसेना. मग त्यांनी तेच केलं जे गोंगाटात प्रश्न कळला नाही की खात्यातला कारीगर करतो. मास्तर दुसरं काय विचारणार?

"चालू है, सेठ," ते म्हणाले.

सुपरवायझर हसत परत आला. "काका, क्या चालू है?" माणूस वाईट नव्हता. त्याने चहा मागवला, नंबर लिहून घेतला, कळवतो म्हणाला.

परत येताना जिभाऊ इतके भरभर चालत होते की मला धावावं लागत होतं. बऱ्याच वेळाने ते वळले. "फोन करतो म्हणाला. आता हे फोनवालंच तर ऐकू येत नाही." मी हसले नाही, म्हणून त्यांनीच हसून दाखवलं.

तो फोन काही आला नाही. दोघं दिवाळीच्या आधीच निघाले. सुरतेतला अर्धा खानदेश दिवाळीला गावी जातो आणि दिवाळी संपून लाभपाचमीला खाती उघडली की परत येतो. गर्दीत जायचं त्यांनीच ठरवलं होतं. "सुट्टीत गेलं की कुणी विचारत नाही," ते बाबांना म्हणाले. "गाववाल्यांना वाटेल, सालाबादप्रमाणे आले." म्हणून सामानही थोडंच घेतलं, गॅसची शेगडी आमच्या घरी ठेवली आणि काकूने नव्या साडीची घडी मोडली. उधना स्टेशनवर भुसावळच्या गाडीला चेंगराचेंगरी होती. आजूबाजूची माणसं हसत होती, मिठाईची खोकी डोक्यावर धरून चढत होती, आणि जिभाऊही त्यांच्यासारखेच हसत चढले. डब्याच्या दारातून त्यांनी भुवई उडवली. मी ओठांनी म्हणाले, "चालू." गाडी हलल्यावर काकूने डोळ्यांना पदर लावला. ते मात्र गर्दीत आतल्या आत येरझाऱ्यांना जागा शोधत असावेत.

लाभपाचम झाली, खाती सुरू झाली, बमरोलीत पुन्हा तो घरघराट भरला. समोरच्या खोलीत ओडिशाचा एक तरुण राहायला आला. शेगडी अजून आमच्या माळ्यावर आहे. आई ती कुणाला देत नाही.

त्यांचा पहिला व्हिडिओ कॉल आला तो उन्हाळ्यात. काकूने फोन धरला होता, पण समोर जिभाऊच होते, वाळलेले, काळवंडलेले. "चालू?" त्यांनी विचारलं. मी मास्टर्सला प्रवेश घेतल्याचं सांगितलं, सावकाश, तोंड स्क्रीनसमोर धरून. त्यांना कळलं. मग काकूला त्यांनी फोन फिरवायला लावला. बांधावर त्यांचे दोन्ही भाऊ बाभळीच्या सावलीत बसले होते, शेत नांगरून पडलं होतं. "ही बघ तुझी लपलेली," जिभाऊंचा आवाज आला. "आता तिघं झालो."

फोन पुन्हा त्यांच्याकडे वळला. मी विचारलं, "परत कधी येणार?"

त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत पाहिले, मला ते दिसलं. मग त्यांनी तोंड फिरवलं. काकू फोन घेऊन त्यांना वळसा घालू लागली, "आठे देखा ना, पोर इचारी ऱ्हायनी," आणि ते अजून वळले. स्क्रीनवर नुसता त्यांचा कान उरला, पांढरे केस उगवलेला, मोठा.

मी गॅलरीत उभी होते. त्या कानाला मी मोठ्याने, अगदी घशापासून विचारलं, "जिभाऊ, परत कधी येणार?"

समोरच्या गॅलरीतला तरुण दचकून माझ्याकडे बघू लागला.