उद्या मास्तर

कोर्टासमोरच्या गल्लीत त्याचं शिलाईचं दुकान होतं. काळे कोट शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि वायदा मोडण्यातही नव्हता. कोट कधीही मागायला जा, मास्तर गळ्यातला टेप सारखा करत हसायचा आणि म्हणायचा, "उद्या." वकील चिडायचे, चार शब्द सुनावायचे आणि पुढचा कोट पुन्हा त्याच्याकडेच टाकायचे. नाव पडलं उद्या मास्तर. त्याला त्याचा राग नव्हता, उलट थोडी ऐटच होती.

माणूस वाईट नव्हता हो. बायको भांडून निघून गेली तेव्हा तो लेकीची वेणी घालायला शिकला. तिला ताप आला की मशीन बंद करून उशाशी बसायचा. तिचा निळा फ्रॉक मात्र कधीचा कापून फळीवर पडला होता. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं मागून.

मग बायकोनं कोर्टात अर्ज टाकला. मुलीचा ताबा मला द्या, मी तिला माझ्या भावाच्या गावी नेते. ते गाव इतकं लांब, की एकदा मुलगी तिकडे गेली की ती मास्तरला फोनवरच भेटणार.

त्याच्या वकीलबाईंनी बजावलं, "मास्तर, आपलं लेखी म्हणणं मुदतीत द्यावं लागेल. मुलीचे शाळेचे, दवाखान्याचे कागद आणा आणि सही करून जा."

"उद्या येतो, बाई."

पहिली मुदत टळली. बाईंनी गयावया करून दुसरी मिळवली. मास्तरला वाटलं, बघा, मिळते की! माप देताना वकील त्याच्यासमोर हेच तर बोलत आले होते: तारीख काय, पुढची मिळते, कोर्ट कुठे पळून जातंय? ऐकून ऐकून त्याला कायदा पाठ झाला होता, तोही अर्धाच. लेकराच्या कामात कोर्ट घाई करतं, हे माप देताना कुणी बोललं नव्हतं.

"अरे, देऊन ये ना ते कागद," थोरली बहीण म्हणाली. "माझ्या मनात सारखी पाल चुकचुकतेय."

"ताई, सुनावणीला मी स्वतः उभा राहणार आहे ना? तेव्हा सगळं सांगेन. कागदाला काय तोंड असतं?"

"बैल गेल्यावर झोपा करायची तुझी खोडच आहे," ताई पुटपुटली.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी तो खरंच निघाला होता. कागदांची पिशवी हातात घेतली, तेवढ्यात एका वकिलाचा निरोप आला की कोट आजच हवा. एवढ्या बाह्या लावतो आणि जातो, म्हणून तो मशीनवर बसला. बाह्यांनंतर कॉलर आली, कॉलरनंतर काजं. चिंध्यांच्या ढिगाखाली फोन वाजत राहिला. मान वर केली तेव्हा समोर पहारेकरी कोर्टाच्या फाटकाला साखळी लावत होता.

सुनावणीला तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, पिशवी छातीशी धरून. बाई उभ्या राहिल्या, "एक शेवटची संधी..."

"दिली होती," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

"आणलंय मी, हे बघा!" मास्तरनं पिशवी पुढे केली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. दुकानात उशीर झाला की माणसं ओरडायची. इथे कुणी ओरडलंच नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. त्याच्या म्हणण्याशिवाय अर्ज चालला. हुकूम झाला: केस निकाली निघेपर्यंत मुलगी आईकडे राहील, ताबा आजच द्यावा.

बाहेर ताईनं मुलीचा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलगी आईशेजारी जाऊन उभी राहिली.

"बाबा, माझा फ्रॉक झाला?"

"उद्या," त्याच्या तोंडून निघून गेलं.

मुलीनं वर पाहिलं. "आई, आपली गाडी आजच आहे ना?"

आईनं मान डोलावली.

"मग राहू दे, बाबा," मुलगी समजुतीनं म्हणाली. "मी परत येईपर्यंत तो मला लहान होईल."